मूल उशिरा बोलतंय, उशिरा चालतंय? वाट पाहू नका

‘याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते.’ दवाखान्यात हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. काही मुलं खरोखर थोडी उशिरा बोलतात. पण कोणतं मूल आपोआप बोलेल आणि कोणाला मदत लागेल, हे नुसतं पाहून डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यासाठी तपासणीच हवी.

घाई का?

पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ फार वेगाने होते. या काळात दिलेली मदत जास्त उपयोगी पडते. ऐकू न येणाऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि थेरपी मिळाली, तर भाषा शिकणं बरंच सोपं जातं.

कधी दाखवावं?

• 3 महिने: मोठ्या आवाजाला दचकत नाही, चेहऱ्याकडे पाहून हसत नाही
• 5 महिने: मान धरत नाही
• 9 महिने: आधाराशिवाय बसत नाही
• 12 महिने: नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही
• 18 महिने: चालत नाही, अर्थपूर्ण शब्द बोलत नाही
• 2 वर्षं: ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही
• कोणत्याही वयात: येत असलेली गोष्ट करणं बंद झालं, तर लगेच

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय जन्मापासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

कुठे जावं?

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं. त्या दिवशी मुलाला जरूर न्या आणि मनातली शंका स्वतःहून सांगा. गरज वाटल्यास ते मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे ‘डीईआयसी’मध्ये पाठवतात. तिथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी कान-डोळ्यांची तपासणी, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी अशा सेवा मोफत मिळतात.

आजाराचं नाव नक्की व्हायला वेळ लागू शकतो. थेरपी त्यासाठी थांबवू नका. केंद्रात शिकवलेलं घरी आंघोळ, जेवण, खेळ यांत रोज करून घ्या. मुलाचा बराचसा सराव घरातच होतो.

तपासणीत सगळं ठीक निघालं, तर एक फेरी जास्त झाली एवढंच. पण वाट पाहण्यात गेलेलं वर्ष परत मिळत नाही.