केर धुतल्याशिवाय टाकू नये : कोळसा खाणी आणि जमिनीतला इतिहास

हुपरीत उभं राहून कोळशाच्या खाणींवर बोलायचं, हे ऐकायला थोडं विचित्र वाटेल. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साईट आहे, पण कोळसा नाही; पायाखाली सगळा काळा बेसॉल्ट. महाराष्ट्राचा कोळसा विदर्भात आहे : वर्धेच्या खोऱ्यात, चंद्रपूर-वणी पट्ट्यात, नागपूरजवळ कामठी-उमरेडला. तरीही आम्ही म्हणतो, हा विषय हुपरीकराला लवकर समजेल.

का, ते सांगतो. इथं चांदीच्या कारखान्यातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. पैंजण घडवताना पडलेला कानशीचा कीस, भट्टीतली राख, झाडून काढलेली धूळ, सगळं साठवलं जातं. झारेकरी ते धुतो, त्यातली चांदी वेगळी करतो, आणि मग उरलेला केर टाकला जातो. आधी धुणं, मग टाकणं. हा क्रम उलटला की नुकसान कायमचं.

आता उघडी कोळसा खाण डोळ्यांसमोर आणा. कोळशापर्यंत जाण्यासाठी वरची सगळी माती आणि दगड काढून बाजूला डोंगराएवढे ढीग लावतात. खाणवाल्यांच्या लेखी ती निव्वळ अडचण. पण माणूस हजारो वर्षं वावरला तो नेमका त्या वरच्या थरावर. ती माती धुतली कुणी?

आणि ती माती साधी नाही. नागपूरजवळ जुनापाणीला मोठमोठ्या धोंड्यांची गोल रिंगणं आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६७ साली त्यांतली काही खणली. ही लोहयुगातल्या लोकांची दफनस्थळं. पुढं टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथं उत्खननं झाली. माहुरझरीत घोड्यांचे अलंकार मिळाले, तर नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत, आणि त्याच तालुक्यात कोळशाच्या खाणीही आहेत. भट्टीवाल्या गावात हे सांगताना आम्हाला विशेष वाटतं : तिकडे जमिनीत आपल्याच धंद्याचे पूर्वज झोपलेत.

मग कायदा काय सांगतो? १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१०च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेतला अर्जही विचारतो, की प्रकल्पापासून १५ किलोमीटरच्या आत सांस्कृतिक मूल्यासाठी संरक्षित क्षेत्र आहे का? शब्द नीट ऐका : ‘संरक्षित’. केंद्राच्या यादीत देशभरातली सुमारे ३,७०० स्मारकं आहेत, राज्याची यादी वेगळी. पण शेताच्या बांधावरचं शिलावर्तुळ, नांगराला लागणाऱ्या काळ्या-तांबड्या खापऱ्या, गोंडांचं पेनठाणं, गावाबाहेरची वीरगळ, यांतलं बहुतेक कुठल्याच यादीत नसतं. यादीत नाही म्हणून अर्जात नाही, अर्जात नाही म्हणून कुणी बघायला जात नाही.

अशाच एका अहवालात आम्ही एक वाक्य वाचलं होतं : परिसरात पुरातत्त्वीय महत्त्वाचं काही आढळलं नाही. कोण गेलं, किती दिवस फिरलं, कुठल्या महिन्यात, याबद्दल एक अक्षर नाही. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, म्हणून इथं कुमारिल भट्टांच्या परंपरेची आठवण होते. मीमांसक ‘अनुपलब्धी’ हे प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण अट आहे : ती अनुपलब्धी ‘योग्य’ पाहिजे. घडा असता तर दिसलाच असता, अशा उजेडात बघितलेलं असलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत डोकावून ‘घडा नाही’ म्हणणं हे ज्ञान नव्हे. त्या अहवालातलं ‘आढळलं नाही’ हे अंधारातलं होतं.

उजेड म्हणजे काय? पिकं निघाल्यावर, रान मोकळं असताना, ठरावीक अंतरावर रांगा धरून पायी फिरणं. खापऱ्यांची नोंद, नकाशा, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलणं, शंका आली तिथं लहान चाचणी-खड्डे. यात जादू काही नाही, झारेकऱ्याची चिकाटी आहे.

हे होऊ शकतं, याचे दाखले आहेत. अमेरिकेत १९६६च्या कायद्यानं सरकारी परवान्याआधी वारसा तपासणं बंधनकारक झालं. ॲरिझोनात ब्लॅक मेसाला नवाहो आणि होपी लोकांच्या भूमीवर कोळसा खाण आली, तेव्हा १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं तिथं सर्वेक्षण आणि उत्खनन चाललं. पण वस्तू गोळा करून प्रश्न संपला नाही. पूर्वजांच्या अस्थी कुणाच्या, हा वाद मागं राहिलाच. म्हणून सर्वेक्षणात तिथल्या माणसांचा शब्द आधी हवा. आपल्याकडंही नागार्जुनसागर धरणाचं पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६०, नागार्जुनकोंड्याचं खोरं खणून काढलं आणि वास्तू उचलून टेकडीवर नेल्या. तेव्हा देश आजच्याहून गरीब होता.

आणि कोल्हापूरचं उदाहरण तर घरचं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ला सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. तिथंच मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. रोमन जगाशी या गावाचा संबंध होता, हे ती सांगते. ती टेकडी न बघता सपाट झाली असती, तर आपल्याला काही हरवलंय हेसुद्धा कळलं नसतं.

कोळसा नको, असं आम्ही म्हणत नाही. या सभागृहातला दिवा बहुधा त्यावरच जळतोय. आमचं मागणं छोटं आहे. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, अहवालाचा गोषवारा मराठीत द्यावा लागतो. तुमचे कुणी पाहुणे वणी-चंद्रपूरकडे असतील, तर त्यांना एवढंच सांगा : सुनावणीत उभं राहून विचारा, ‘आढळलं नाही म्हणता, पण बघितलं कसं?’ उत्तर लेखी मागा, म्हणजे ते इतिवृत्तात राहील.

केर धुऊन टाकायचा असतो, हे हुपरीनं कुणाकडून शिकायची गरज नाही. ते इतरांना सांगायची मात्र आहे.