मचाण कोणी बांधलं?

शिकारीच्या जुन्या पुस्तकांत बंदुकीचं वर्णन कधी राहून जात नाही. बनावट, नळीचा व्यास, गोळीचं वजन, सगळं तपशिलात असतं. पण ज्या झाडावर बसून ती गोळी झाडली त्या झाडावर खाट कोणी चढवली, वाघ कान टवकारून असताना फांदी करकरली कशी नाही, याबद्दल बहुतेक वेळा एवढंच असतं की मचाण बांधून घेतलं. मला कुतूहल आहे ते या 'बांधून घेतलं'चं.

मचाण हा शब्द संस्कृत 'मंच'च्या कुळातला. ज्वारीचं कणीस भरलं की पाखरं हाकायला शेतात माळा घालतात, तोच हा प्रकार. शिकार आणि शिकारी हे शब्द मात्र फारसी. उंचावरून वाघ मारण्याचे दोन मार्ग होते, एक हत्तीवरचा आणि दुसरा झाडावरचा. पहिला बादशहाचा. १६१७ साली नूरजहाँने अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, असं जहांगीरने आपल्या रोजनिशीत मोठ्या कौतुकाने नोंदवलं आहे. कौतुकाचं कारणही त्याने दिलं आहे. वाघाचा वास आला की हत्ती स्वस्थ उभा राहत नाही, सारखा हलतो, आणि हलत्या अंबारीतून नेम साधणं फार अवघड. हा बादशहा हिशेबाचा पक्का होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्याच्या अकराव्या वर्षापर्यंत किती जनावरं पडली याची त्याने मोजदाद करवली. आकडा निघाला २८,५३२, त्यातली १७,१६७ त्याने स्वतः मारलेली. हे आकडे वाचून माझ्या मनात अभिमान जागा होत नाही. पण माहितीची शिस्त मानावी लागते.

झाड हलत नाही, हा मचाणाचा पहिला फायदा. दुसरा फायदा खर्चाचा. हत्ती पोसायला राज्य लागतं, मचाणाला दोरी आणि अक्कल. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त वाघ मारण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांतल्या काही उघडच गरिबाच्या आहेत. एक अशी : वाघाच्या वाटेवर मेंढी बांधायची आणि भोवती चिकट लावलेल्या काड्या पसरायच्या, म्हणजे झडप घालताना त्याचे पंजे बरबटतात. दुसरी अशी : तपकिरी-हिरव्या रंगाचं धनुष्य झाडाला टांगून त्यावर बाण चढवून ठेवायचा. वाघाचा धक्का लागला की बाण सुटतो. रंगाकडे लक्ष द्या. पानांत मिसळून जाणारं, वजनाला हलकं, आवाज न करणारं हत्यार. आज अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे लोक झाडावर चढण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पायऱ्या आणि कमरेचे पट्टे घेतात. घेताना पाहतात त्या गोष्टी याच : वजन किती, खणखणतं का, दिसतं का. धातूवर धातू वाजू नये म्हणून ते पायऱ्यांना कापडी पट्ट्या चिकटवतात.

मध्य भारतातल्या गोंड, बैगा, कोरकू, भिल्ल माणसाला आणि गावोगावच्या मुसलमान शिकाऱ्याला हे कोणी दुकानात शिकवलं नव्हतं. त्यांचं मचाण म्हणजे पुष्कळदा घरातली बाज. चार पाय फांद्यांना दोरीने आवळायचे. खिळा नाही, कारण ठोकण्याचा आवाज रानभर जातो आणि माणसाचं वजन पडलं की खिळा लाकडात कुरकुरतो. आवळलेली दोरी गप्प राहते. बाज नसेल तर बांबू, तोही दूरवरून तोडून आणलेला. मारलेल्या गुराजवळ कुऱ्हाड चालवली की वाघ फिरकत नाही. आडोशाला पानं त्याच झाडाची. दुसऱ्या झाडाची लावली तर ती वेगळी दिसतात, आणि कालची लावली तर कोमेजून चुगली करतात. पाण्याच्या बाटलीला फडकं गुंडाळायचं. चढायचं अनवाणी.

सगळ्यात हुशारीची गोष्ट शेवटची. शिकारी वर बसला की बाकीच्यांनी मोठमोठ्याने बोलत निघून जायचं. आडून ऐकणाऱ्या वाघाला वाटावं, माणसं गेली. इथे हत्यार कोणतं? चार माणसांचं बोलणं! त्याला वजन नाही आणि किंमतही नाही.

बिबट्या असेल तर मचाणाचा भरवसा निम्मा, कारण तोही झाडावर चढतो. रुद्रप्रयागच्या बिबट्याने सरकारी आकड्याप्रमाणे १२५ माणसं खाल्ली होती. गढवालात गुलाबराईच्या यात्रावाटेवरच्या आंब्यावर जिम कॉर्बेट रात्रीमागून रात्री बसला. खाली गळ्यात घंटी बांधलेली बकरी, बंदुकीला विजेरी. १९२६च्या मे महिन्याच्या सुरुवातीला बिबट्या पडला. सगळी मदार घंटीवर होती. अंधारात डोळ्यांना जे दिसणार नाही ते तिच्या एका खणखणीतून कळणार होतं, आणि म्हणून वरच्या माणसाने पूर्ण गप्प राहणं भाग होतं. कॉर्बेटबद्दल एक मात्र सांगायला हवं. सोबतच्या माणसांची नावं तो देतो. १९५२चं 'माय इंडिया' तर त्याने भारतातल्या गरीब मित्रांनाच अर्पण केलं. असे लेखक थोडे.

बाकीच्यांकडे तो माणूस 'माझा शिकारी' एवढाच उरतो. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव कोरलं, ते आजही आहे. त्याला वाट दाखवणारा म्हणून लोक एका स्थानिक पोराची गोष्ट सांगतात. खांबावर ते पोर नाही.

याचा आपल्याशी संबंध आहे. भारतातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण लगेच अंबारीत जाऊन बसतो. बाजूचे लोकही आपल्याला तिथेच बसवतात, कोणी कौतुकाने, कोणी हिशेब चुकता करायला. पण महाराष्ट्रातल्या आमच्या बहुतेकांचे पूर्वज पिंजारी, आतार, बागवान, तांबोळी, मुलाणी. त्यांच्यातला कोणी शिकारीच्या ताफ्यात असलाच तर तो दोरी ओढणारा असणार, हाकारा घालणारा असणार. नूरजहाँच्या चार वाघांपेक्षा मला त्याची गाठ कशी होती हे जाणून घ्यायला आवडेल.

काळ बदलला तेव्हा याच माणसाला सगळ्यात महाग पडला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. पण शेकडो वाघ मारणाऱ्या संस्थानिकांची शिकारगृहं हॉटेलं झाली आणि भिंतीवरची मुंडकी वारसा झाली. रान वाचणारा पारधी मात्र पोलिसांच्या वहीत राहिला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावर पुसला गेला, वहीतून नाही.

मचाण अजून आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात, ताडोब्यात पाणवठ्याकाठी हौशी मंडळी मचाणावर बसून जनावरं मोजतात. सूचना जुन्याच : भडक कपडे नको, अत्तर नको, बोलायचं नाही, बाटली वाजवायची नाही. सकाळी छायाचित्रं सगळीकडे फिरतात, वाघाची आणि मचाणावर बसलेल्यांची. मचाणाची तयारी त्याआधीच झालेली असते. ती करणारा वनमजूर मेळघाटात बहुधा कोरकू असतो, आणि छायाचित्र निघतं तेव्हा तो खाली असतो.