आराई, काम्पो
आराई, काम्पो : (१८७८–१९४५). जपानी चित्रकार व प्राचीन भित्तिचित्रांचा निष्णात प्रतिकृतिकार. मूळ नाव कानजूरो. जन्म तोचिगी प्रांतातील उजीए येथे. टोकिओत उकियो-ए संप्रदायातील मिझुनो तोशिकाता याच्याकडे त्याचे कलाशिक्षण झाले. रेषेच्या बळावर कथा सांगण्याच्या या संप्रदायाचा वारसा पुढे जपानी चित्रकथांनाही (मांगा) लाभला. १९०२ पासून त्याने कोक्का या कलाविषयक नियतकालिकासाठी जुन्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. स्वतःची लकब आवरून मूळ चित्रकाराच्या रेषेशी एकरूप होण्याची शिस्त त्याच्या अंगी बाणली ती या कामातूनच.

१९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानमध्ये असता काम्पोने त्यांच्यासाठी शिमोमुरा कांझान याच्या एका चित्राची प्रतिकृती केली. त्यानंतर टागोरांच्या निमंत्रणावरून तो कलकत्त्यास आला व ‘विचित्रा’ या संस्थेत जपानी चित्रपद्धती शिकवू लागला. १९१७-१८ च्या हिवाळ्यात त्याने अजिंठ्याच्या लेण्यांत प्रतिकृतींचे काम केले. कलेतिहासकार सावामुरा सेंतारो व चित्रकार नोसू कोसेत्सू हे त्याचे सहकारी होते. अजिंठा त्या वेळी हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होते. नारा येथील होऱ्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य जपानी अभ्यासकांना विशेष जाणवत होते. तेथील बोधिसत्त्वाची तुलना अजिंठ्याच्या पद्मपाणीशी केली जाते.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास दुर्दैवी आहे. रॉबर्ट गिल याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. काम्पो व त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रतिकृती टोकिओच्या शाही विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्याही नष्ट झाल्या.

१९४० मध्ये जपान सरकारने होऱ्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे काम हाती घेतले. त्यासाठी नेमलेल्या चार चित्रकार-गटांपैकी एकाचे नेतृत्व काम्पोकडे होते. युद्धकाळातही काम चालू राहिले. १९४५ मध्ये होऱ्यूजीकडे जात असतानाच त्याचा मृत्यू झाला. २६ जानेवारी १९४९ रोजी मंदिराच्या मुख्य दालनास आग लागून मूळ चित्रे होरपळली व त्यांचे रंग नाहीसे झाले. या दुर्घटनेनंतर १९५० मध्ये जपानमध्ये सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा झाला.

अजिंठ्यात मूळ चित्रे टिकली व काम्पोच्या प्रतिकृती गेल्या. होऱ्यूजीत मूळ चित्रेच गेली. १९६७-६८ मध्ये तेथील भित्तिचित्रे नव्याने रंगविण्यात आली, तेव्हा १९३५ मध्ये घेतलेली छायाचित्रे व पूर्वीच्या प्रतिकृती यांचाच आधार घ्यावा लागला. प्रतिकृतिकाराच्या कार्याचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.