मिलिंद महाविद्यालय आणि विद्यार्थ्यांची सामूहिक अस्मिता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील समूहभावनेचा विचार बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने केला जातो. ही भावना विशिष्ट काळात आणि विशिष्ट परिसरात घडत असते, ही बाब त्यात दुर्लक्षित राहते. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पदवीसाठी विद्यार्थ्याला हैदराबाद गाठावे लागे आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांना तर ती वाटही जवळजवळ बंदच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते या पार्श्वभूमीवर. परिसराला नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद ही नावे लाभली. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो. विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रश्नकर्त्याचे नाव आले, हे लक्षणीय होय.

गावकुसाबाहेरच्या वस्तीवरून ज्याची ओळख ठरत असे, तो येथे ‘मिलिंदचा विद्यार्थी’ झाला. या नव्या ओळखीला रंगमंचाचेही बळ मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महाविद्यालयात सादर झाले. शतकानुशतकांच्या वंचनेचा इतिहास विद्यार्थी स्वतः उभा करीत होते. पाठ्यपुस्तकात ज्याला स्थान नव्हते, तो भूतकाळ अशा रीतीने सामाईक झाला. पुढे १९६७ मध्ये डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू केले. ते नंतर ‘अस्मितादर्श’ म्हणून नावारूपास आले. पानतावणे हे स्वतः मिलिंदचे प्राध्यापक. समूहभावनेला तिचा शब्दही याच परिसराने दिला, असे म्हणावयास हरकत नसावी.

या भावनेची कसोटी नामांतराच्या प्रश्नावर लागली. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली आणि ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. या संघर्षाचे वर्णन ‘प्रादेशिक अस्मिता विरुद्ध जातीय अस्मिता’ असे करण्याचा प्रघात आहे. तो स्वीकारार्ह वाटत नाही. मिलिंदमध्ये शिकलेली मुलेही मराठवाड्याच्याच खेड्यापाड्यांतील होती. प्रदेशावरील त्यांचा हक्क मान्य होतो की नाही, हाच खरा प्रश्न होता.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव आले. ठरावाच्या वेळी पदवीच्या वर्गात बसणारी पिढी तोवर चाळिशीकडे झुकली होती. तिच्या पदवीपत्रांवर नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेच नाव आहे.