मांडवी ओलांडायला लागणारा वेळ

म्हापसा ते पणजी अंतर जेमतेम १३ किलोमीटर, पण तिथे पोहोचायचे कधी हे ठरवायची मांडवी. १९७० साली नेहरू पूल झाला आणि बार्देशकरांचे फेरीबोटीसाठी ताटकळणे संपले. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला. बेतीच्या धक्क्यावर पुन्हा रांगा! नवा पूल व्हायला १९९२ साल उजाडले. फेरीचा उशीर निदान मोजता यायचा. कचेरीत 'फेरी चुकली' म्हटले की साहेबालाही पटायचे. पुढे घरोघरी गाड्या आल्या. २०१९ साली अटल सेतू खुला झाला, नदीवरची गर्दी विभागली, पण कोंडी पर्वरीकडे सरकली. तिथे अडकलेल्याकडे सांगायला फेरीसारखे पटणारे कारणही उरले नाही.