चांदीचा कस आणि राजाचा छाप

रुपयावर इंग्लंडच्या राजाचा चेहरा कधी आला, असे कोणी विचारले तर आपण 1835 हे साल सांगतो. पण इंग्रजी चांदीची पूर्वेकडची वाट शोधायला निघालो, की आपण थेट लंडनच्या टॉवरमधल्या टाकसाळीत पोहोचतो. 31 डिसेंबर 1600 रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि तिच्या पहिल्या सफरीसाठी एलिझाबेथ राणीने खास नाणी पाडून दिली. त्यांच्या एका बाजूला राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याच्या दरवाजाची लोखंडी जाळी होती. तिच्यावरूनच ती ‘पोर्टक्युलिस’ नाणी म्हणून ओळखली जातात. पूर्वेच्या बंदरांत स्पॅनिश रियाल ओळखीचे, म्हणून वजन त्यांच्याशी जुळवले होते. 1601 मध्ये जेम्स लँकेस्टरची चार जहाजे निघाली. पण हा अनोळखी छाप बाजारात रुजला नाही. आज ही नाणी संग्रहालयांच्या कपाटांतच भेटतात.

पुढचा मुक्काम मुंबई. 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने हे बेट कंपनीकडे आले. गव्हर्नर जेराल्ड अँजियरने येथे टाकसाळ काढली. चांदीच्या नाण्याला ‘अँग्लिना’, सोन्याच्या नाण्याला ‘कॅरोलिना’ अशी नावे दिली. मुंबईच्या या सुरुवातीच्या रुपयांवर लॅटिन मजकूर असे. देवाकडून शांती आणि भरभराट लाभो, असा त्याचा आशय. तो वाचणारा सराफ घाटाखाली किंवा घाटावर कुठून असणार?

म्हणूनच जून 1674 मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या कंपनीच्या हेन्री ऑक्झिंडन या वकिलाच्या मागण्यांत नाण्याचे कलम होते: कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत. शिवाजी महाराजांकडून मिळालेले उत्तर सराफाच्या काट्यासारखे नेमके होते. आम्ही कोणत्याही नाण्याला मनाई करत नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान, ते घ्यायची सक्तीही करणार नाही. वजन आणि कस मोगलांच्या नाण्यांइतके असेल, तर चालेल. शेवटी कंपनीने आपला छापच सोडला. 1717 मध्ये मोगल बादशहा फर्रुखसियरच्या परवानगीनंतर मुंबईच्या टाकसाळीतून बादशहाच्या नावाचे फारसी रुपये निघू लागले.

पुण्यातही नंतर हेच घडले. पेशवाईत ‘मुहियाबाद पुणे’ या टाकसाळीचा, अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया चाले आणि परक्या टाकसाळीच्या रुपयावर सराफ बट्टा कापून घेत. नोव्हेंबर 1817 मध्ये शहर घेतल्यावरही इंग्रजांनी हा रुपया बदलला नाही. फसली म्हणजे महसुली साल घालून वर्षानुवर्षे तसाच पाडला. राज्य गेले, तरी बाजाराचा विश्वास अंकुशावरच होता.

1835 मध्ये चौथ्या विल्यमच्या चेहऱ्याचा, तोळाभर वजनाचा रुपया कंपनीच्या सगळ्या मुलुखासाठी आला. वजन आणि कस एकसारखे ठेवण्याची रायगडावरची अट अखेर पाळली गेली. फक्त ती घालणारा दरबार तेव्हा उरला नव्हता.