वस्ताद (कोल्हापूर)

वस्ताद : कुस्तीच्या तालमीचा प्रमुख व मल्लांचा गुरू. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. त्या मैदानात उतरणारे मल्ल गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींत वस्तादांच्या हाताखाली तयार होत आले.

तालमीतील काम : दिवस पहाटेच सुरू होतो. ताक, लिंबू, हळद व तेल मुरवलेली हौद्यातील तांबडी माती पोरे खोऱ्याने उकरून भुसभुशीत करतात. जोर-बैठका झाल्या की लढती लागतात. कोणी कोणाशी किती वेळ धरायचे, हे वस्ताद सांगतो. काठावर बसून तो चुकलेली पकड हेरतो. घिस्सा, ढाक, एकलंगी हे डाव पुन्हापुन्हा घोटून घेतो. खुराकावरही त्याचीच नजर असते. भिजवलेले बदाम कुंडीत घोटून मल्ल थंडाई करतात. बाहेरगावच्या पोरांचा हा खर्च बहुधा घरचे सोसतात.

मैदानातील काम : गावोगावच्या यात्रांतील कुस्त्या ठरवताना वस्ताद अंगलट, वजन व तयारी पाहतो. जोड तोडीची नसेल तर तो कुस्ती नाकारतो, कारण अवेळी झालेली हार किंवा दुखापत पोराला मागे खेचते. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, तर मोठ्यांच्या रोख इनामावर लागतात. हलगीवाला आणि निवेदक मैदान तापते ठेवतात. कोथळीचे शंकर पुजारी हे निवेदकांतील परिचित नाव.

उल्लेखनीय व्यक्ती : १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले, १९७० व १९७१ चे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले त्यांचे शिष्य. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना राजाराम कॉलेजात गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन लाभले. त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

बदलते स्वरूप : मातीवरची कुस्ती चितपट झाली की निकाली ठरते. मॅटवर मात्र वजनगट, गुण आणि तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. त्यामुळे दम राखून झुंजण्याबरोबरच झटपट गुण घेण्याची तयारीही आता वस्तादाला करून घ्यावी लागते.